कार्डाचं कर्ज दुसऱ्या कार्डावर न्यायचं का?

प्रश्न: ताई, नमस्कार. मी म्हापशाला एका फार्मसीत कामाला आहे, पगार १६ हजार. मिस्टर मोरजीला किनाऱ्यावरच्या शॅकवर, म्हणजे तात्पुरत्या हॉटेलात असतात, म्हणजे सीझनमध्ये बरं चालतं आणि पाऊस लागायच्या आधी शॅक काढला की मग मिळेल ते काम. गेल्या वर्षी घराचं छप्पर दुरुस्त केलं, पाठोपाठ चवथ आली, सगळं माझ्या क्रेडिट कार्डावर घेतलं. आज ६० हजार थकलेत. दर महिन्याला मिनिमम ३ हजार भरते तरी आकडा हलतच नाही. बाजारात कार्डांचा स्टॉल लावून बसणारा मुलगा म्हणतो, पगार कमी म्हणून साधं कार्ड मिळणार नाही, पण आमच्या बँकेत एफडी ठेवा, तिच्यावर लगेच कार्ड देतो, थकलेलं सगळं त्यावर हलवा, म्हणजे बॅलन्स ट्रान्सफर करा, व्याज शून्य. सोसायटीत माझी २५ हजारांची एफडी आहे, ती मोडून तिकडे ठेवायला सांगतो. कुठलं कार्ड घेऊ?
— एक वाचक, पेडणे तालुका

उत्तर: ताई, कार्ड कुठलं ते नंतर बघू, आधी ती एफडी त्या मुलाच्या हाती देऊ नका. तूर्त सोसायटीतच राहू दे, तिचा उपयोग पुढे सांगते.

आकडा का हलत नाही ते बघा. तुमच्या स्टेटमेंटमध्ये फायनान्स चार्जेस नावाची ओळ असते. बहुतेक कार्डांवर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागतं, म्हणजे ६० हजारांवर २,१०० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी ३७८, मिळून २,४७८. तुम्ही भरता ३ हजार, म्हणजे कर्जातून कमी होतात फक्त ५२२ रुपये. आणि मागचं थकलेलं असताना नवीन काही स्वाइप केलं की त्याला बिनव्याजी दिवस मिळत नाहीत, खरेदीच्या दिवसापासूनच मीटर चालू, त्यामुळे ५२२ सुटतात तेही तिथेच जातात. कार्डाच्या व्याजावर वर्षाला ३० टक्क्यांचा लगाम होता ग्राहक आयोगाचा, तोसुद्धा सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०२४ मध्ये काढला. म्हणून हे कर्ज तिथून हलवायला हवं हा तुमचा विचार शंभर टक्के बरोबर आहे, फक्त त्या मुलाने दाखवलेला रस्ता चुकीचा आहे.

एफडीवरच्या कार्डाचं लिमिट एफडीएवढंच असतं, कधी थोडं कमीच. २५ हजार ठेवले तर ६० हजार त्यात बसणार कसे? ट्रान्सफरला पूर्ण लिमिट देत नाहीत, आणि बऱ्याच बँका एफडीच्या कार्डावर ही सोयच देत नाहीत. शून्य व्याज म्हणजे सहसा ६० किंवा ९० दिवस, वर प्रोसेसिंग फी आणि तिच्यावर जीएसटी, आणि मुदत संपली की उरलेल्यावर नेहमीचंच व्याज. १६ हजार पगारात साठ दिवसांत कोण फेडणार, त्या मुलालाही माहीत आहे.

आता एफडीचा हिशोब करा. ७ टक्क्यांनी धरलं तर २५ हजारांवर वर्षाला १,७५० रुपये मिळतात. तेवढ्याच २५ हजारांवर कार्ड तुमच्याकडून महिन्याला हजाराच्या वर घेतं, वर्षाला १२ हजारांच्या वर. म्हणजे साठवलेल्या पैशावर पावणेदोन हजार कमवायला तुम्ही बारा हजार देताय. एफडी मोडा, २० हजार सरळ कार्डात भरा, ५ हजार सेव्हिंगला ठेवा म्हणजे पोर आजारी पडलं तर परत कार्ड काढावं लागणार नाही. मोडायचं जिवावर येत असेल तर त्याच सोसायटीत एफडीवर कर्ज मिळतं का विचारा, त्याचं व्याज एफडीच्या दरापेक्षा एक-दोन टक्के जास्त असतं, कार्डाच्या पासंगालाही पुरत नाही.

उरले ४० हजार. इथे बॅलन्स ट्रान्सफरचा विचार करा, पण आधी स्वतःच्याच बँकेला फोन करून विचारा की थकलेली रक्कम ईएमआयमध्ये करून देता का, कारण त्याला नवीन कार्ड लागत नाही, पगाराची स्लिप लागत नाही. नाही म्हणाले तर दुसरी बँक. दोन्हीकडे एकच प्रश्न विचारा, सगळं धरून माझ्या खिशातून किती जाणार. उदाहरण देते. महिन्याला १.७ टक्के व्याज आणि २ टक्के फी असेल तर १२ महिन्यांचा ईएमआय येतो ३,७१३, आणि फी, व्याज, जीएसटी मिळून जास्तीचे साधारण ६,३००. तेच ४० हजार आहे त्या कार्डावर वर्षभरात फेडायचे तर जास्तीचे साडेअकरा हजार जातात. पाच हजारांचा फरक आहे, तुमच्या घरात पाच हजार म्हणजे काय ते मला माहीत आहे. नव्या कार्डाची वार्षिक फी असेल तर तीही यात मिळवा.

पण ३,७१३ जुलैमध्ये कुठून आणणार? मिस्टरांचा शॅक नाही, घरात फक्त तुमचा पगार. म्हणून हप्ता नेहमी पावसाळ्याच्या कमाईवर ठरवा. १८ महिने घेतले तर २,५९८ येतो, जीएसटीसकट पहिल्या महिन्याला २,७२० च्या आसपास, म्हणजे आज भरता त्या ३ हजारांत बसतो. व्याज थोडं जास्त जाईल, जाऊ दे, कारण एक हप्ता चुकला तर लेट फी लागते, सिबिल, म्हणजे कर्जफेडीचा स्कोअर, खराब होतो, आणि सगळा फायदा तिथेच संपतो. डिसेंबरमध्ये हातात पैसे आले तर आधी फेडता येईल का आणि त्याला चार्ज किती, हे सही करायच्या आधी विचारून घ्या.

पाच ठिकाणी अर्ज टाकू नका, प्रत्येक अर्जाची चौकशी सिबिलच्या रिपोर्टमध्ये दिसते. आधी स्वतःचा रिपोर्ट बघा, सिबिलच्या वेबसाइटवर वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. कमी पगारात बँक कार्ड देईलच असं नाही, दिलं तरी लिमिट २०-३० हजारांचं. तसं झालं तर तुमच्या गावातल्या अर्बन सोसायटीचं किंवा बँकेचं छोटं पर्सनल लोन, नाहीतर दागिन्यांवर बँकेचं गोल्ड लोन, यांचं व्याज कार्डाच्या अर्ध्याहून कमी असतं. सोन्याचं मात्र घरात बसून दोघांनी ठरवा, मुदतीत सुटलं नाही तर लिलाव होतो. आणि कोणी ‘सेटलमेंट करून देतो’, म्हणजे थोडे पैसे भरून कर्ज मिटवतो, म्हणाला तर ऐकू नका, रिपोर्टमध्ये सेटल्ड असा शेरा बसला की पुढे घराचं कर्ज मागायला गेलात तरी तो आडवा येतो.

वसुलीचे फोन यायला लागले तर घाबरू नका. सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायचा नाही असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. बँकेकडे लेखी तक्रार करा, ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, त्याला पैसे लागत नाहीत, माहितीसाठी नंबर १४४४८.

प्रश्न: बॅलन्स ट्रान्सफर झालं की जुनं कार्ड आपोआप बंद होतं का?
— एक वाचक, साखळी

उत्तर: नाही होत. लिमिट मोकळं झालेलं कार्ड तसंच चालू राहतं आणि हात तिकडे जातो, म्हणून ते बंदच करा. ट्रान्सफरच्या तारखेपर्यंतचं व्याज पुढच्या स्टेटमेंटला येतं, शे-दोनशे का असेना, ते भरा, नाहीतर त्यावरच लेट फी चढते. बाकी शून्य झाली की बंद करायचा अर्ज ईमेलने द्या, बँकेला ७ कामाच्या दिवसांत बंद करावं लागतं, उशीर केला तर बँकेने दिवसाला ५०० रुपये तुम्हाला द्यायचे असतात. बंद केल्याचा ईमेल जपून ठेवा.