पोलिसांनी शाळेत येऊन मुलांशी ओळख वाढवली, तर वस्तीचा पोलिसांवरचा विश्वास खरंच वाढतो का?

वाढतो. पण प्रश्नाखाली तुम्ही जो बेत लिहिलाय, म्हणजे ठाण्यातून साहेब बोलवायचे, टेबलावर शस्त्रं मांडायची, वह्या वाटायच्या आणि शेवटी सगळ्यांचा फोटो, त्याने काडीचा वाढत नाही. हाच कार्यक्रम मी नोकरीत असताना दर जानेवारीत केलाय, म्हणून सांगतो.

माझी सगळी नोकरी नाशकात झाली, सहाय्यक फौजदार म्हणून निवृत्त झालो. शेवटच्या ठाण्यात ‘बाल कल्याण पोलीस अधिकारी’ म्हणून भिंतीवरच्या फळ्यावर माझं नाव होतं. 2015 च्या बाल न्याय कायद्याच्या कलम 107 प्रमाणे प्रत्येक ठाण्यात असा एक माणूस नेमायचा असतो आणि तो सहाय्यक फौजदाराच्या खालचा चालत नाही. कोणाला नेमायचं हे मात्र बहुतेक ठिकाणी कोण रिकामा दिसतो यावर ठरतं. माझंही तसंच ठरलं होतं. ठाण्याचं नाव लिहीत नाही, जुन्या नाशकाच्या बाजूचं होतं एवढं पुरे.

आधी त्या शस्त्रांच्या टेबलाबद्दल. 2 जानेवारी 1961 ला नेहरूंनी महाराष्ट्र पोलिसांना ध्वज दिला, म्हणून जानेवारीचा पहिला आठवडा ‘रेझिंग डे’चा असतो. शाळांच्या रांगा ठाण्यात येतात. पांढऱ्या चादरीवर एसएलआर, इन्सास रायफली, अश्रुधुराची नळकांडी, बेड्या. मुलं दोनच प्रश्न विचारतात: खरी आहे का, आणि हिने कोणाला मारलंय का. मास्तर मागून ओरडत असतात, हात लावू नका. मग बिस्किटाचा पुडा, फोटो, संपलं. मुलांना मजा येते हे खरं. पण पोलिसाकडे बंदूक असते हे मुलाला आधीच ठाऊक असतं. सायकल हरवली तर याच्याकडे जाता येतं, हे त्याला ठाऊक नसतं आणि त्या टेबलावरून ते कळतही नाही.

शिवाय नाशकात एक गंमत आहे. रेझिंग डेचा आठवडा संपतो आणि लगेच संक्रांत. म्हणजे पहिल्या आठवड्यात जो काका बिस्किटं वाटतो, तोच दुसऱ्या आठवड्यात गच्चीवर चढून आसारी (मांज्याची फिरकी) हिसकावून घेतो. नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादाची 2017 पासून देशभर बंदी आहे, आयुक्तालयाचा मनाई आदेशही निघतो, आणि बंदी योग्यच आहे. दुचाकीवरच्या माणसाचा गळा चिरतो, पाखरं झाडात लटकून मरतात. डिसेंबर लागला की निम्मं नाशिक गळ्याला मफलर गुंडाळून गाडी चालवतं, ते काही फक्त थंडीमुळे नाही. प्रश्न कारवाई करायची की नाही हा नव्हताच. मुलांशी कसं वागून करायची, हा होता.

ती संक्रांत मला नीट आठवते. जुने वाडे, एकमेकांना चिकटलेल्या गच्च्या, एका गच्चीवरून शिरलं की चार घरं ओलांडून भलत्याच बोळात उतरता येतं. आम्ही जिना चढतोय तोवर वर स्पीकर चालू, पतंग कटल्यावरची ‘गई बोला रे धिना’ची आरोळी चालू. डोकं वर काढलं आणि सगळी पोरं पांगली. एक तेवढा राहिला. सहावी-सातवीतला असेल. बोटांना चिकटपट्ट्या गुंडाळलेल्या, हातात नायलॉनची आसारी, आणि पतंग पार वर, ठिपक्याएवढा. त्याने मला ओळखलं, आठवड्यापूर्वी शाळेबरोबर ठाण्यात येऊन गेलेला. पळाला नाही, रडला नाही. म्हणाला, “काका, आधी उतरवून घेऊ का?”

आमच्या डीबीतला (गुन्हे शोध पथकातला) एक तरुण अंमलदार पुढे सरकला, दोरा तोडायला. मी त्याला थांबवलं. तुटलेला नायलॉन कुठं जाऊन पडेल? रस्त्यावर, नाहीतर एखाद्याच्या गळ्यात. ज्या कारणासाठी आपण वर आलो तेच करायचं का? मग त्या पोराने हाताहाताने ओढून पतंग खाली आणला आणि आसारी मी धरली. वेळ लागला. वारा चांगला होता आणि नायलॉन ओढताना सुतासारखा हातात बसत नाही, सटकतो. खालून वायरलेसवर “कुठे आहात, कुठे आहात” चाललेलं. तेवढ्यात पळालेली दोन-तीन पोरं शेजारच्या कठड्यावरून डोकावायला लागली. मी काही भाषण दिलं नाही. सुती मांजा का नाही घेत, एवढं विचारलं. उत्तर सरळ होतं: सगळ्यांकडे नायलॉन असल्यावर सुती पतंग दोन मिनिटांत कटतो. एकट्यानेच का म्हणून शहाणपणा करायचा?

आसारी जप्त केली, पतंग त्याला परत दिला, बापाला बोलावून समज दिली. ठाणे डायरीत नोंद घातली. एफआयआर नाही, आणि ती मेहरबानी नव्हती. बाल न्यायाचे 2016 चे नियम तेच सांगतात: अतिगंभीर गुन्हा नसेल आणि सोबत मोठं माणूस आरोपी नसेल, तर अल्पवयीन मुलावर एफआयआर नोंदवायचा नाही, डायरीला नोंद घ्यायची. लॉकअप नाही, बेड्या नाहीत. हे नियम पाळले तरी निम्मं काम होतं, पण त्याचे फोटो निघत नाहीत ना.

पुढे मी त्यांच्या शाळेत जायला लागलो. मनपाची शाळा, शनिवारची सकाळ, साध्या कपड्यांत. साधे कपडे हेही माझं डोकं नव्हे, मुलांशी बोलताना शक्यतो गणवेश नको असं नियमातच आहे. वर्गात जाऊन गळा चिरलेल्या माणसाचा फोटो दाखवला नाही. एक मफलर नेला, त्यावरून ताणलेला नायलॉन एकदा ओढला आणि मफलर पोरांच्या हातात दिला. बाकी बोलणं मग मांज्याचं राहिलंच नाही. रस्त्यात पाकीट सापडलं तर काय करायचं, दादा दारू पिऊन मारतो त्याची तक्रार होते का, तुम्हाला पगार किती, तुमच्या साहेबांना कोण रागावतं. त्या महिन्यात काही पोरांनी आपणहून गट्टू (नायलॉन मांज्याची रिळं) आणून दिले. सगळ्यांनी नाही.

आता ज्यासाठी हे एवढं लिहायला बसलो, ते. आमच्या त्या वेळच्या साहेबांच्या कानावर गेलं की पोरं माझ्याशी बोलतात. कारवाईचे आकडे वर पाठवायचे होते. नायलॉन दुकानात मिळत नाहीच, घरातून विकला जातो आणि कोणाच्या घरातून हे गल्लीतल्या प्रत्येक पोराला माहीत असतं. साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. “तुमच्या पोरांना विचारा, माल कोणाकडून येतो.” मी म्हणालो, विचारणार नाही. साहेब म्हणाले, मग शाळेत जाऊन उपयोग काय? आपण काय बालवाडी चालवतो?

मी सांगायचा प्रयत्न केला. विकणारा त्याच पोराचा मामा असू शकतो. छापा पडला की कोण बोललं हे संध्याकाळपर्यंत गल्लीला कळतं. मार त्या पोराला बसेल, तुम्हाला नाही. आणि त्यानंतर ‘पोलीसकाका’ने “काय रे, जेवलास का” विचारलं तरी पोराला वाटेल की हा काहीतरी काढून घ्यायला बघतोय. साहेबांना पटलं नाही. मला उरलेल्या पतंगांच्या हंगामात नाकाबंदीला लावलं आणि शनिवार बंद झाले. त्या वर्षी आमच्या हद्दीतला मोठा विक्रेता सापडला नाही, हेही सांगून टाकतो. साहेब बदलून जाईपर्यंत मला ते ऐकवत होते.

खबऱ्या हा आमच्या धंद्याचा कणा आहे, त्याची मला लाज नाही. पण खबऱ्या मोठा माणूस असतो, त्याला काय मिळतं आणि काय जाऊ शकतं हे त्याला कळतं. पोराला ते कळत नाही. मुलांना खबरी करायचं मनात असेल तर पोलिसांनी शाळेत पाऊल ठेवू नये, हे माझं ठाम मत आहे आणि ते बदलणार नाही.

उपयोग काय झाला ते पुढच्या पावसाळ्यात दिसलं. तोच पोरगा आजीला हाताला धरून ठाण्यात घेऊन आला. ‘दागिने पॉलिश करून देतो’ म्हणत दोघांनी म्हातारीची पाटली नेली होती. घरात सगळे म्हणत होते, जाऊ दे, ठाण्यात गेलं की उलट आपल्यालाच चार शब्द ऐकावे लागतील. पोरगा म्हणाला, मी ओळखतो तिथल्या काकांना. मी ठाण्यात होतो म्हणून बरं. ठाणे अंमलदाराने आधी नेहमीप्रमाणे “उद्या या, साहेब नाहीत” सुरू केलंच होतं. तक्रार घेतली, गुन्हा नोंदवला. म्हातारीने गाडीचा रंग आणि एकाच्या कानातली बाळी सांगितली. त्याच आठवड्यात त्याच गल्लीतल्या आणखी दोन बायका जुन्या फसवणुकीची तक्रार घेऊन आल्या. पाटली मिळाली नाही. पण ज्या गल्लीतून पिढ्यान् पिढ्या कोणी ठाण्याची पायरी चढलं नव्हतं, तिथून तीन बायका आल्या. साहेब, हा उपयोग. (ते हे वाचणार नाहीत, पण लिहायचं होतं.)

मोठ्या प्रमाणावर हेच सुरेश खोपडे साहेबांनी भिवंडीत पोलीस अधिकारी असताना दाखवलंय. 1970 आणि 1984 च्या दंगलींनी पोळलेलं गाव. 1988 पासून त्यांनी मोहल्ला कमिट्या बांधल्या आणि डिसेंबर 1992 ला मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. ती कमिटी मोठ्या माणसांची होती, पण गोष्ट तीच: ओळख आधी करून ठेवायची असते, काम पडल्यावर नाही. मुलांच्या बाबतीत बघायचं तर केरळची ‘स्टुडंट पोलीस कॅडेट’ योजना बघा, 2010 ला सुरू झाली, 2018 ला केंद्राने देशभर आणली. तिच्यातली कवायत मला फारशी महत्त्वाची वाटत नाही. तिथे त्याच मुलांबरोबर तेच शिक्षक, तेच पोलीस दोन वर्षं राहतात, ती खरी गोष्ट. आपल्याकडे पोलीसकाकाची बदली होते आणि नव्या काकाला शाळा कुठल्या गल्लीत आहे हेही माहीत नसतं. फौजदार घडवणारी शंभर वर्षांहून जुनी अकादमी आमच्याच त्र्यंबक रोडला आहे, तिथल्या नव्या पोरांना एखाद्या शनिवारी मनपाच्या वर्गात उभं करा. परेडपेक्षा जास्त घाम येईल.

तुमच्या कार्यक्रमात काय ठेवावं हे राहिलंच. साहेब बोलवू नका, तुमच्या बीटचा अंमलदार बोलवा आणि तो वर्षात परत परत येईल असं बघा. ‘तक्रार कशी लिहायची’ हे मुलांकडून लिहून घ्या, हरवलेल्या सायकलीची लिहायला सांगा. 112 आणि 1098 (मुलांची हेल्पलाइन) पाठ करून घ्या. मुलींच्या प्रश्नांना महिला अंमलदार हवीच. फोटो कमीत कमी. एखादं मूल कुठल्या प्रकरणात पीडित किंवा साक्षीदार असेल आणि त्याची ओळख बाहेर गेली, तर बाल न्याय कायद्याचं कलम 74 तुमच्यावर येतं. आणि पालकांची एक बैठक आधी घ्या. “जेव, नाहीतर पोलीस घेऊन जाईल” हे घराघरात चालू असताना शाळेतल्या एका तासाने काय होणार? माझ्या सख्ख्या बहिणीच्या घरी हेच चालायचं, तेही मी समोर गणवेशात बसलेला असताना.

दोन गोष्टी वर सांगायच्या राहिल्या. मुलांकडून खबर काढू नका म्हणालो, याचा अर्थ मूल आपणहून काही सांगत असेल तर कान बंद करा असा नाही. मुलावर लैंगिक अत्याचाराचं काही कानावर आलं तर पोक्सोच्या कलम 19 प्रमाणे ते कळवावंच लागतं, पोलिसाला, शिक्षकाला, तुम्हालाही. तिथे गप्प बसणं हा गुन्हा आहे. मुलाचा जबाबही त्याच्या घरी किंवा त्याला बरं वाटेल तिथे, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता घ्यायचा. दुसरं, मी सांगतोय ते जुन्या वाड्यांच्या गल्लीतलं आहे. तुमची सोसायटी गेटवाली असेल तर तिथल्या मुलांना पोलिसाची भीती कमी आणि मुजोरी जास्त असते, त्यांच्यासाठी वेगळा विचार करा.

तारीख जानेवारीतली धरू नका, तेव्हा अंमलदार मिळणार नाही. 2027 च्या ऑगस्ट-सप्टेंबरातही नको, कुंभाच्या पर्वण्या आहेत, तेव्हा तर ठाण्यात पाणी द्यायलाही माणूस नसेल. शाळा सुरू झाल्यावर जूनच्या शेवटी ठेवा. अर्ज वरिष्ठ निरीक्षकांच्या नावे दोन प्रतींत द्या आणि आवक-जावकचा शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय टेबलावरून उठू नका.