वाऱ्याच्या मुलखात तंबू कोणता घ्यावा?

प्रश्न : सप्टेंबरच्या उत्तरार्धात आम्ही आमच्या लहान एसयूव्हीने लडाखला जाणार आहोत. पती, मी आणि नऊ वर्षांचा मुलगा असे तिघे असून सरचू, त्सो कार आणि हानले या भागांत चार-पाच रात्री स्वतःच्या तंबूत काढण्याचा विचार आहे. गाडीच्या टपावर बसवायचा, डिकीला जोडायचा की जमिनीवर उभारायचा साधा, यांपैकी कोणता तंबू घ्यावा? थंडीसाठी ‘फोर सीझन’, म्हणजे हिवाळ्यातही चालेल असा म्हणून विकला जाणारा तंबूच लागेल का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : आपण थंडीबद्दल विचारले आहे, पण मी आधी वाऱ्याविषयी लिहितो, कारण त्या पठारांवर तंबूचा खरा कस वाऱ्यातच लागतो. सरचू सुमारे ४,३०० मीटर उंचीवर आहे आणि त्यापुढची मोरे मैदाने त्याहूनही उंच आहेत. तिथे झाड नाही, कुंपण नाही. त्यामुळे दुपारनंतर सुटणाऱ्या वाऱ्याला अडवणारे काहीच नसते, आणि दिवसभर गाडी चालवून आपण मुक्कामाला पोहोचता ते नेमके त्याच वेळी. काही वर्षांपूर्वी सरचूजवळ अशाच एका संध्याकाळी माझ्या तंबूची फायबरग्लासची काठी गेली. ती सरळ मोडली नाही. उसासारखी उभी चिरली, तिच्या टोकाने बाहेरचे कापड वीतभर फाटले आणि तिची बारीक कुसळे दोन दिवस बोटांत सलत राहिली. अॅल्युमिनियमची काठी अशा वेळी बहुधा वाकते, आणि वाकलेल्या जागी नळीचा तुकडा चढवून रात्र निभावून नेता येते. म्हणून काठ्या अॅल्युमिनियमच्याच हव्यात, ही माझी पहिली अट आहे.

पाठीवर तंबू वाहणाऱ्याला शंभर-शंभर ग्रॅमचा हिशेब करावा लागतो. आपले ओझे गाडी वाहणार आहे, तेव्हा आपण खुशाल जड तंबू घ्यावा. मात्र ते वजन काठ्यांत, जाड तळात आणि मेखांत असावे, उंचीत नसावे. गाडीने फिरणाऱ्यांना बहुतेक वेळा आत उभे राहता येईल असा, खोल्या पाडलेला मोठा तंबू दाखवला जातो. त्याच्या उभ्या भिंती शिडासारख्या वारा धरतात, आणि मोरे मैदानांवर तो रात्रभर उभा राहील याची मी हमी देणार नाही.

टपावरच्या तंबूला मेखा लागत नाहीत आणि तो चटकन उघडतो, हे खरेच. पण तो साधारण ५० ते ७० किलोंचा असतो आणि बऱ्याच लहान गाड्यांना धावताना टपावर तेवढाच भार चालतो. तेव्हा आपल्या गाडीच्या माहितीपुस्तिकेतला आकडा आधी पाहावा आणि त्यात आडव्या दांड्यांचे वजनही धरावे. शिवाय वारा उंचावर अधिक लागतो, कापड रात्रभर फडफडते आणि गाडी डुलत राहते. विरळ हवेत, गोठलेल्या शिडीवरून मध्यरात्री मुलाला लघवीला खाली उतरवणे मला धोक्याचे वाटते. डिकीला जोडायच्या तंबूची जोडणी अशा वाऱ्यात सैल पडते आणि धूळ आत येते. तो इथे नको.

आपल्यासाठी मी चार माणसांचा, जमिनीवरचा घुमटाकार तंबू सुचवेन. त्याच्या तीन-चार काठ्या एकमेकींना एकाहून अधिक ठिकाणी छेदणाऱ्या असाव्यात, मधली उंची दीड मीटरच्या आत असावी आणि बाहेरचे कापड जमिनीला टेकणारे असावे. ‘फोर सीझन’ हा शब्द कुठल्याही एका प्रमाणाला बांधलेला नाही, त्यामुळे केवळ त्या चिठ्ठीवर जाऊ नये; आतल्या तंबूला जाळी कमी आणि कापड जास्त आहे का, हे हाताने चाचपून पाहावे. थंडी तंबू अडवत नाही. तिथे त्या दिवसांत रात्री पारा शून्याखाली जातो आणि अंगातली ऊब जमीन ओढून घेते. म्हणून स्लीपिंग बॅगइतकाच पैसा खालच्या गादीवर खर्च करावा आणि तिची आर-व्हॅल्यू, म्हणजे थंडी रोखण्याच्या क्षमतेचा आकडा, पाचच्या आसपास असावी. सकाळी कापड आतून ओले दिसले, तर ती गळती नसून बहुधा आपल्याच श्वासाची वाफ असते. झरोके उघडे ठेवावेत. तंबूत शेगडी किंवा गॅस पेटवू नये आणि तंबूजवळ इंजिन चालू ठेवू नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेतल्या माणसाला तो कळत नाही.

तंबूसोबत येणाऱ्या बारीक मेखा तिथल्या खडीत वाकतात. जाड पोलादी मेखा आणि हातोडी सोबत ठेवावी. मेख धरत नसेल, तर दोरी मोठ्या दगडाला बांधून त्यावर दुसरा दगड ठेवावा. गाडी वाऱ्याच्या बाजूला आडवी लावून तिच्या आडोशाला तंबू उभारावा, पण दोर गाडीला बांधू नये, कारण सकाळी घाईत कोणी गाडी हलवली तर तंबू फाटतो. श्रीनगर-कारगिलमार्गे जाऊन आधी लेहमध्ये दोन-तीन रात्री काढाव्यात आणि सरचूचा मुक्काम परतीच्या वाटेवर ठेवावा. विरळ हवेच्या त्रासावर तंबू उपाय नाही.

खरेदी जुलैच्या आत करावी आणि भर पावसात एक रात्र इगतपुरीच्या बाजूला त्याच तंबूत काढावी. कुठली शिवण पाझरते, ते तिथे दिसेल. त्या रात्री तंबू आपण दोघांनीच, हातमोजे घालून उभारावा.