वाचक विचारतात : रॅम वाढवली की संगणक परका का होतो?

प्रश्न : आमचं सॉफ्टवेअर ग्राहकाच्या संगणकाला बांधलेलं आहे. प्रोसेसर, मदरबोर्ड, डिस्क, नेटवर्क कार्ड आणि रॅम यांची माहिती जोडून आम्ही एक हॅश (मजकुरापासून गणिताने काढलेला ठरावीक लांबीचा ठसा) काढतो आणि त्यावर परवाना देतो. ग्राहकाने नुसती रॅम वाढवली तरी परवाना बंद पडतो. काय करावं?

उत्तर : चूक हॅशची नाही, सगळं एकत्र कालवण्याची आहे. एक अक्षर बदललं की हॅश पूर्ण बदलतो. 'बराचसा तोच' असं त्यात काही नसतं. म्हणून प्रत्येक भागाचा हॅश वेगळा काढा, वेगळा साठवा आणि प्रत्येक भागाला वजन द्या.

सुरुवातीला अशी वाटणी चालेल : मदरबोर्डच्या यूयूआयडीला (बोर्डात लिहिलेल्या ओळखक्रमांकाला) ४, मुख्य डिस्कच्या सिरियल नंबरला ३, बोर्डावरच्या नेटवर्क पोर्टच्या मॅक पत्त्याला (पोर्टच्या स्वतःच्या क्रमांकाला) २ आणि प्रोसेसरचं मॉडेल, ग्राफिक्स कार्डचं मॉडेल, रॅमपट्ट्यांचे सिरियल यांना प्रत्येकी १. एकूण १२. सातपासून पुढे जुळलं तर संगणक तोच धरा. डिस्क, रॅम आणि ग्राफिक्स कार्ड तिन्ही एकदम बदलले तरी ७ उरतात. उलट कोणी तुमची डिस्क आणि रॅम काढून हुबेहूब त्याच मॉडेलच्या दुसऱ्या संगणकात बसवली, तर ३, १, १ आणि १ मिळून ६ होतात आणि तो अडतो. मदरबोर्ड बदलला तर मात्र यूयूआयडीबरोबर मॅक पत्ताही जातो. कागदावर दोन खुणा असल्या तरी त्या एकाच बोर्डाच्या आहेत. ६ उरतात, तेव्हा ग्राहकाकडून पुन्हा सक्रिय करून घ्या. ते योग्यच आहे.

पुढची पायरी बहुतेक जण विसरतात. जुळणी झाली की बदललेल्या भागांची नवी नोंद लगेच करा. नाहीतर यंदाची डिस्क आणि पुढच्या वर्षीचे प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स कार्ड सगळे मूळ नोंदीशी ताडले जातात आणि प्रामाणिक ग्राहक अडकतो. मात्र नोंद अशी सरकती ठेवली की थोडे भाग आज आणि थोडे उद्या हलवून एका परवान्यावर दोन संगणक चालवण्याची वाट उघडू शकते. त्यावर दोन बंधनं घाला : ९० दिवसांत बदललेलं एकूण वजन ठरावीक मर्यादेपलीकडे गेलं तर विचारणा करा; आणि प्रत्येक संपर्कात सर्व्हरने नवं यादृच्छिक टोकन (एकदाच वापरायचा आकडा) द्यावं. जुनं टोकन पुन्हा आलं तर बहुधा कुठेतरी प्रत चालू आहे. बॅकअपवरून परत आणलेला संगणकही जुनंच टोकन दाखवतो, तेव्हा लगेच कुलूप न लावता आधी विचारा.

आणखी एक. साध्या हॅशने मॅक पत्ता लपत नाही. त्याच्या ४८ बिटांपैकी पहिले २४ उत्पादकाचे असतात. उरलेल्यांचे १,६७,७७,२१६ पर्याय साधा संगणकही चटकन तपासतो. सर्व्हरवरची गुप्त चावी घालून एचमॅक, म्हणजे चावीशिवाय काढता न येणारा हॅश, काढा.

प्रश्न : आमच्या कार्यालयातले दोन वेगळे संगणक यादीत एकच म्हणून दिसतात. असं कसं?

उत्तर : पहिला संशय क्लोनिंगवर, म्हणजे एका डिस्कची हुबेहूब प्रत (प्रतिमा) दुसऱ्या संगणकांवर टाकण्यावर, घ्या. विंडोजचा मशीन-जीयूआयडी आणि लिनक्सचा ३२ अक्षरी मशीन-आयडी हे हार्डवेअरचे नसून ऑपरेटिंग सिस्टिमचे आकडे आहेत. डिस्कची प्रतिमा जिथे जाईल तिथे तेही जातात. विंडोजची प्रतिमा काढण्याआधी सिसप्रेप (असे आकडे पुसणारं विंडोजचंच साधन) चालवा; लिनक्समध्ये मशीन-आयडीची फाइल रिकामी ठेवा, म्हणजे पहिल्या सुरुवातीला नवा आयडी तयार होतो.

दुसरा संशय बोर्ड बनवणाऱ्यावर. काही बोर्डांच्या यूयूआयडीत सगळे शून्य किंवा सगळे एफ असतात, काहींच्या सिरियलच्या जागी 'टू बी फिल्ड बाय ओईएम' (उत्पादकाने भरावं) हे वाक्य तसंच राहिलेलं असतं. असे मजकूर काळ्या यादीत टाका आणि त्या खुणेचं वजन शून्य करा.

तिसरा सापळा विंडोजमधल्या 'प्रोसेसर आयडी' या नावाचा. तो एकाच मॉडेलच्या आणि आवृत्तीच्या सगळ्या प्रोसेसरांत सारखा असतो. प्रत्येक नगाला वेगळा, ९६ बिटांचा क्रमांक इंटेलने १९९९ मध्ये पेन्टियम ३ मध्ये दिला होता. खासगीपणावरून एवढा गदारोळ झाला की पुढे तो काढून टाकावा लागला.

उलट, एकच संगणक दोन दिसण्याची कारणंही असतात. एसएमबायोस, म्हणजे बायोस ज्या ठरलेल्या साच्यात हार्डवेअरची माहिती देतो, त्याच्या २.६ आवृत्तीपासून यूयूआयडीचे पहिले तीन गट उलट्या बाइटक्रमात साठवतात, त्यामुळे दोन साधनं एकच आकडा वेगवेगळा दाखवू शकतात. डिस्कच्या सिरियलमागे रिकाम्या जागा असतात, कधी अक्षरांच्या जोड्या उलटलेल्या असतात. हॅश काढण्याआधी सगळं एका साच्यात आणा. यूएसबी नेटवर्क अडॅप्टर यादीत घेऊच नका. आणि 'वाचता आलं नाही' म्हणजे 'बदललं' असं धरू नका.

प्रश्न : हे आकडे कोणी टिपून घेतले आणि दुसऱ्या संगणकावरून पाठवले तर?

उत्तर : तर सर्व्हर फसेल. सिरियल नंबर ही ओळख आहे, गुपित नाही. आभासी यंत्रात (सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या संगणकात) तर यूयूआयडी हवा तो लिहिता येतो. पुरावा हवा असेल तर टीपीएम या चाव्या सांभाळणाऱ्या सुरक्षा चिपमध्ये बाहेर काढता न येणारी चावी तयार करा आणि तिची सार्वजनिक बाजू सर्व्हरवर ठेवा. दर वेळी सर्व्हर नवा यादृच्छिक आकडा पाठवतो, चिप त्यावर सही करते. डिस्क, रॅम, ग्राफिक्स कार्ड बदललं तरी चिप तीच राहते. मात्र ही चावी बहुधा चिपने कुलूपबंद करून डिस्कवर ठेवलेली असते, त्यामुळे नव्या डिस्कवर ती सापडत नाही. अशा वेळी चिपच्या कायमच्या एन्डॉर्समेंट चावीवरून 'चिप तीच' हे पडताळा आणि नवी चावी नोंदवून घ्या. वजनांचा हिशेब मग जोडपुरावा म्हणून उरतो.

प्रश्न : एएमडीचा प्रोसेसर बदलल्यावर पडद्यावर टीपीएम रीसेट करायचा का, 'वाय की एन', असं विचारलं आहे. काय दाबू?

उत्तर : अजून काही दाबू नका. एएमडीच्या संगणकांत टीपीएम बहुधा फर्मवेअरचा (वेगळी चिप नसून प्रोसेसरमध्येच चालणारा) असतो आणि प्रोसेसरबरोबर तोही बदलतो. 'वाय' म्हणजे जुन्या चाव्या पुसणं. बिटलॉकर (विंडोजचं डिस्क कुलूपबंद करणारं साधन) चालू असेल तर त्यानंतर ४८ अंकी रिकव्हरी की लागेल. ती हाताशी असेल तरच 'वाय' दाबा. नसेल तर 'एन' दाबा किंवा संगणक बंद करा, जुना प्रोसेसर परत बसवा आणि की दुसरीकडे जपून ठेवा. बायोस अद्ययावत करतानाही असंच होऊ शकतं. त्याआधी बिटलॉकर 'सस्पेंड' करा. त्याने डिस्क उलगडत नाही, संरक्षण तात्पुरतं थांबतं.

प्रश्न : मदरबोर्ड बदलला तर विंडोजचा परवाना जातो का?

उत्तर : संगणकाबरोबर आलेला ओईएम परवाना सहसा त्या बोर्डाशीच बांधलेला असतो. सुटा विकत घेतलेला परवाना हलवता येतो. बोर्ड बदलण्याआधी तो मायक्रोसॉफ्ट खात्याशी जोडा (विंडोज १० च्या १६०७ आवृत्तीपासून ही सोय आहे), मग अ‍ॅक्टिव्हेशनच्या ट्रबलशूटमध्ये 'हार्डवेअर नुकतंच बदललं' हा पर्याय निवडा.