सेट डोसा, सूर्यास्त आणि भात लावणं

प्रश्न : सातवीतल्या नातवाला 'सेट' या इंग्रजी शब्दाची पाच वाक्यं लिहून आणायला सांगितली आहेत. मी बँकेत छत्तीस वर्षं काढली, इंग्रजीची भीती नाही. पण शब्दकोश उघडला तर त्या तीन अक्षरांनी पानंच्या पानं अडवलेली. सूर्य सेट होतो, जेली सेट होते, टेबल सेट करतात, टेनिसमध्येही सेट. एका शब्दाला इतके अर्थ आले कुठून? मराठीत असा गोंधळ आहे का? आणि जाता जाता, सेट डोशाचं पीठ 'सेट' होतं म्हणून ते नाव पडलं का?
– एक आजोबा, इचलकरंजी

उत्तर : डोशापासून सुरुवात करते, कारण लिहायला बसले तेव्हा नाश्ता व्हायचा होता. नाही, पिठाचा काही संबंध नाही. ते जाडसर मऊ डोसे एका बशीत दोन किंवा तीन असे येतात, म्हणून सेट. सोफा सेट, टी-सेट, दागिन्यांचा सेट, सगळे याच घरातले. हा 'संच' या अर्थाचा सेट बराचसा जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आला आणि त्याचं मूळ लॅटिन 'सेक्ता', म्हणजे पंथ, अनुयायांचा जथा. तुमच्या शब्दकोशात पानंच्या पानं अडवून बसलाय तो मुख्यतः दुसरा सेट, अस्सल इंग्रजी मातीतला. दोघांचा उच्चार एकच झाला, मग अर्थही एकमेकांत मिसळले.

या दुसऱ्याची किल्ली सोपी आहे. मिरजेच्या शाळेत एकतीस वर्षं मी ती फळ्यावर लिहीत आले : सिट म्हणजे बसणे, सेट म्हणजे बसवणे. जुन्या इंग्रजीत 'सित्तन' आणि 'सेत्तन' अशी ही जोडीच होती. आता बघा. अंगठीत खडा बसवतात, तुटलेलं हाड बसवतात. कोंदणातला हिरा आणि प्लास्टरमधला हात, दोन्हींना इंग्रजीत सेट. शिक्षकांनी नेमून दिलेला गृहपाठही सेटच, म्हणजे तुमच्या नातवाच्या मानगुटीवर बसवलेला! सिमेंट आणि जेली स्वतःच बसतात, हलायच्या थांबतात. आणि सूर्य खाली जाऊन टेकतो. आपणही म्हणतोच की, दिवस टेकला.

याच घराण्याचा संस्कृतमधला वंशज म्हणजे सद् धातू. सदन, संसद, परिषद त्यातूनच आले. उपनिषद म्हणजे गुरूजवळ खाली बसणं. हे वर्गात सांगितलं तेव्हा मागच्या बाकावरून आवाज आला, "म्हणजे बाई, सनसेट आणि उपनिषद नात्यातले?" म्हटलं, हो, पण लग्नाला बोलावण्याइतके जवळचे नाहीत.

ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशाच्या १९८९ च्या आवृत्तीत सर्वांत लांब नोंद याच शब्दाची होती. ४३० अर्थ आणि सुमारे ६०,००० शब्द. पुढे कोशाचं नवं काम सुरू झालं आणि 'रन'ने त्याला मागे टाकलं. नुसत्या क्रियापदाचे ६४५ अर्थ. यंत्रं, धंदे, संगणक सगळंच 'रन' व्हायला लागलं, मग दुसरं काय होणार?

आता मराठीत असा गोंधळ आहे का, हा प्रश्न. आजोबा, सकाळी उठल्यापासून तुम्ही 'लावणे' किती वेळा म्हणता ते मोजा. गजर लावला, दिवा लावला, कुकर लावला, रेडिओ लावला, दाराला कुलूप लावलं. विरजण लावायचं, कपाट लावायचं, पैज लावायची, लग्न लावायचं. सातबाऱ्यावर नाव लावायचं आणि कवितेचा अर्थ लावायचा. पोराने 'दिवे लावले' तर निकालाच्या दिवशी घरात अंधार.

माझीच फजिती सांगते. लग्नानंतर पहिल्या आषाढात राजापूरकडे सासरी गेले. घरात कोणी दिसेना. शेजारच्या काकू म्हणाल्या, "सगळी भात लावायला गेलीत." मी मिरजेची. माझ्या डोक्यात भात लावणं म्हणजे कुकर. वाटलं, शेजारी कुठे कार्य असेल, स्वयंपाकाला गेले असतील. शहाणपणाने तीन शिट्ट्यांचा हिशेब करून मी आमटी फोडणीला घातली आणि वाट बघत बसले. दोनच्या सुमाराला सासूबाई गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेल्या, इरलं टेकवत पायरीवर बसल्या आणि म्हणाल्या, "भात लावलास का गो?" आता हा कुठला भात, हे विचारायचा धीर झाला नाही.

आणि आमच्या मिरजेत तंबोरा लावतात. पहिल्यांदा खुंट्या पिळून, मग मणके सरकवून. शेवटी घोडीवर तारेखाली सुती दोरा केसभर इकडेतिकडे करतात. एका जागी तार नुसती टणटणते आणि तिथून जरासा हलला की घुमायला लागते. लहानपणी सतारमेकरांच्या दुकानाच्या पायरीवर बसून मी हे तासन्‌तास बघितलंय. इंग्रजीत याला सेट म्हणत नाहीत, ट्यून म्हणतात. म्हणजे इथे आपला 'लावणे' त्यांच्या सेटच्याही पुढे गेला.

एक कुरकुर मात्र करते. हल्ली पाककृती सांगणाऱ्या मुली 'दही सेट व्हायला ठेवा' म्हणतात. दही लागतं हो! पाक आळतो, खरवस घट्ट होतो, वडी थापली की पडते. प्रत्येकाला वेगळं क्रियापद आहे आणि प्रत्येकाला हाताने अजमावायची वेगळी खूण आहे. जेलीला खुशाल सेट म्हणा, ती आपल्या आजीने कधी केलीच नव्हती.

बाकी सेट आता मराठीच झालाय. 'सेटिंग लावली' यात तर इंग्रजी बसवणं आणि मराठी लावणं एकदम आलं, आणि काम किती पक्कं झालं ते सांगायलाच नको. प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षेची आद्याक्षरंही नेमकी सेट अशीच. माझा भाचा तीन वर्षांपूर्वी सेट झाला, म्हणजे ती परीक्षा पास झाला. तासिका तत्त्वावर दोन कॉलेजांत शिकवतो, अर्धा दिवस एसटीत जातो. स्थळं बघताना मुलीकडचे विचारतात, "मुलगा सेट आहे का?" माझी बहीण हो म्हणते. खोटं कुठे बोलते ती?

नातवाला सांगा, जेलीचं वाक्य नको, निम्मा वर्ग तेच लिहून आणेल. हाड बसवलेल्या डॉक्टरांचं लिही म्हणावं. भूतकाळातही हा शब्द सेटच राहतो. 'सेटेड' लिहिलं तर मार्क गेले.