शाईचा अंगठा अजून चालतो

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रांना उत्तरं देते आहे. पत्रं थोडक्यात छापली आहेत आणि लिहिणाऱ्यांची नावं दिलेली नाहीत. माझी सगळी नोकरी बँकेच्या काउंटरमागे झाली, त्यामुळे पैशाच्या पत्रांकडे माझा हात आधी जातो.

प्रश्न : ताई, मी कराड तालुक्यातली, वय 76. मालक पाटबंधारे खात्यात होते. त्यांच्या माघारी मला पेन्शन मिळते. जन्म शेतात आणि राखेनं भांडी घासण्यात गेला, आता बोटांवर रेघाच राहिल्या नाहीत. नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्याला गावातल्या सेंटरवर गेले की मशिनवर अंगठा उमटत नाही. पोरगा म्हणतो, "आजी, उद्या या." उद्या गेलं की परत तेच. पेन्शन बंद पडली तर औषधाला पैसे कुणाकडं मागू? समोर बसून सांगतेय की मी जिती आहे, तरी मशिनचंच खरं!

उत्तर : आक्का, तुम्हाला त्या मशिनपुढे बसायची सक्तीच नाही. हे तुम्हाला कुणीतरी पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं.

तुमची पेन्शन राज्य सरकारची आहे, म्हणजे ती कोषागारातून येते. कोषागार कार्यालय दरवर्षी पेन्शनदारांची यादी तुमच्या बँकेच्या शाखेकडे पाठवतं. नोव्हेंबरमध्ये शाखेत जायचं, यादीत आपलं नाव काढून घ्यायचं आणि अधिकाऱ्यासमोर त्यापुढे सही करायची, नाहीतर अंगठा लावायचा. हा अंगठा शाईचा. तो कशाशी जुळावा लागत नाही, कारण अधिकारी तुम्हाला डोळ्यांनी बघतो आहे. डिजिटल दाखल्याची सोय 2014 साली आली, ती जास्तीची म्हणून. तिच्यामुळे शाखेतली यादी बंद झालेली नाही. काउंटरवरचं कुणी "आता सगळं ऑनलाइन झालंय" म्हणालं, तर शांतपणे एवढंच म्हणा, "कोषागाराची यादी काढा, मला अंगठा लावायचाय." कागदाचं नाव घेऊन मागितलं की काम हलतं, हे मी काउंटरच्या आतल्या बाजूनं पाहिलेलं आहे.

रेघांचं म्हणाल, तर यात तुमचा काही दोष नाही. वयाबरोबर बोटांची कातडी पातळ आणि कोरडी होते. माती, राख, चुना, सिमेंट यांत हात राबलेले असले की रेघा आणखी झिजतात. अंगठाच लागतो असंही नाही, दहापैकी कुठलंही बोट चालतं. बऱ्याचदा करंगळीशेजारचं बोट कमी झिजलेलं असतं. कोमट पाण्यानं हात धुवायचे, तेलाचं बोट चोळून कोरडं पुसायचं आणि मग ठेवून बघायचं.

2021 च्या नोव्हेंबरपासून चेहरा दाखवूनही दाखला निघतो. नातवाच्या स्मार्टफोनवर 'जीवन प्रमाण' आणि आधारचं चेहरा ओळखणारं, अशी दोन ॲप घ्यावी लागतात. उजेड तोंडावर येईल असं बसायचं, चष्मा काढायचा आणि फोन सांगेल तेव्हा डोळे मिटून उघडायचे. पोस्टमनही घरी येऊन दाखला काढून देतो. पोस्टाच्या पेमेंट्स बँकेची ही सेवा आहे, तिचे 70 रुपये पडतात. पोस्टात नाव सांगून ठेवायचं.

आता काळजीचं बोलते. दाखला वेळेत गेला नाही म्हणून पेन्शन रद्द होत नाही, थांबते. दाखला पोचला की राहिलेल्या महिन्यांच्या पैशांसकट पुन्हा सुरू होते. तरी शाखेतून उठताना पोच घ्याच. पेन्शनदाराला सही-शिक्क्याची पोच द्यावी, असं रिझर्व्ह बँकेनं बँकांना सांगितलेलं आहे. पोच मागण्यात कसला संकोच?

इतर वाचकांसाठी : केंद्र सरकारच्या पेन्शनदारांपैकी ज्यांची ऐंशी वर्षं पूर्ण झाली आहेत, त्यांना 1 ऑक्टोबरपासूनच दाखला देता येतो. प्रॉव्हिडंट फंडाची (ईपीएस 95) पेन्शन असेल, तर नोव्हेंबरची वाट बघायचीच गरज नाही. कुठल्याही महिन्यात द्या, तो पुढे वर्षभर चालतो. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यातली रांग त्यांनी उगाच कशाला धरायची?

प्रश्न : वय 81, मिरज. हाताला कंप आहे. सही जुळत नाही म्हणून चेक दोनदा परत आला. आता नातू माझं एटीएम कार्ड घेऊन जातो आणि पैसे आणतो. तो चांगलाच आहे, पण मला खात्याचं काही कळेनासं झालं आहे.

उत्तर : अण्णा, कार्ड आणि पिन दोन्ही परत घ्या. नातवावर संशय म्हणून नाही, खातं तुमचं आहे म्हणून.

शाखेत जाऊन आत्ता जशी येते तशी सही नव्यानं नोंदवता येते, जुना नमुना जन्मभर बांधलेला नसतो. सही अजिबातच होत नसेल, तर चेकवर किंवा पैसे काढायच्या स्लिपवर अंगठा चालतो. बँकेला माहीत असलेले दोन स्वतंत्र साक्षीदार लागतात आणि त्यांतला एक बँकेचाच जबाबदार अधिकारी असावा लागतो. अंगठाही उठत नसेल तर नुसती खूण चालते, साक्षीदार तेच. ही रिझर्व्ह बँकेची जुनी तरतूद आहे, पण काउंटरवरच्या नव्या मुलांना ती ठाऊक असतेच असं नाही. त्यांनी मान हलवली तर थेट शाखाधिकाऱ्यांकडे जा. सत्तरीपुढच्या आणि आजारी खातेदारांना रोख रक्कम घरपोच देण्याची सोय करावी, असंही 2017 च्या नोव्हेंबरमध्ये बँकांना सांगितलेलं आहे. तुमच्या शाखेत ती कशी चालते आणि पैसे किती पडतात ते विचारून घ्या. पासबुक मात्र दर महिन्याला भरून आणायला लावा आणि तुम्ही स्वतः वाचा. भिंग लागलं तरी चालेल.

प्रश्न : सोलापूरहून मुंबईला मुलाकडे जातो. यजमान 77, मी 72. रेल्वेची सवलत परत सुरू झाली का? आणि दर वेळी वरचा बर्थ का मिळतो?

उत्तर : ज्येष्ठांची तिकिटातली सवलत मार्च 2020 मध्ये बंद झाली, ती अजून सुरू झालेली नाही. याचं मला तुमच्याइतकंच वाईट वाटतं. खालच्या बर्थचा कोटा मात्र आहे : पुरुषांना 60 पासून, बायकांना 45 पासून. त्यात एक मेख आहे. तिकिटावर एक किंवा दोनच प्रवासी असावे लागतात. मुलगा, सून आणि नातवंडांसकट सहा जणांचं एकच तिकीट काढलं की तुम्ही त्या कोट्यातून बाहेर पडता. तेव्हा तुमचं दोघांचं तिकीट वेगळं काढायला सांगा. एस.टी.नं गेलात तर यजमानांना काहीच पडत नाही, पंचाहत्तरीपुढच्यांना ऑगस्ट 2022 पासून राज्यात प्रवास मोफत आहे. तुम्हाला अर्धं तिकीट. आधार कार्ड हाताशी ठेवा.

प्रश्न : निवृत्त शिक्षक, नाशिक, वय 79. घरात सगळे म्हणतात मला ऐकू येत नाही. मला ऐकू येतं, कळत नाही. मग ओरडतात, आणि ओरडल्यावर तर काहीच कळत नाही. हल्ली मला कुणी काही सांगतच नाही, "नंतर सांगतो, बाबा" म्हणतात. दवाखान्यात डॉक्टर माझ्या मुलाकडे बघून बोलतात, जणू मी खोलीत नाहीच. श्रवणयंत्र घेतलं होतं, पण भांड्यांच्या आवाजानं डोकं उठायचं. ते कपाटात पडलं आहे.

उत्तर : सर, तुमचं पत्र मी मोठ्यानं वाचून दाखवलं, कारण आमच्या घरातही हे चाललेलं आहे. माझ्या यजमानांच्या कानांचंही तुमच्यासारखंच झालं आहे.

"ऐकू येतं, कळत नाही" हे तुम्ही अगदी नेमकं लिहिलं आहे. वयानं कान जातो तो सगळा एकदम जात नाही, आधी वरच्या पट्टीचे आवाज जातात. आ, ई, ओ हे स्वर खालच्या पट्टीतले, ते नीट पोचतात. स, श, च, फ ही व्यंजनं वरच्या पट्टीतली आणि हलकी, ती गळतात. म्हणून सून "सात" म्हणाली की "हात" म्हणाली की "भात", हे तुम्हाला ताडावं लागतं. बायकांचा आणि लहान मुलांचा आवाजही त्याच पट्टीत जास्त, म्हणून नात सगळ्यात कमी कळते. ओरडण्यानं नुसता "आ" मोठा होतो, "स" तिथेच राहतो. हे एवढं घरच्यांना वाचून दाखवा. त्यांनी समोर येऊन, तोंड दिसेल असं, जरा सावकाश बोलायचं आहे. मिक्सर आणि टीव्ही चालू असताना आतल्या खोलीतून हाका मारायच्या नाहीत.

यंत्र कपाटातून काढाच. आधी कानाच्या डॉक्टरांकडून मळ साठला आहे का ते बघून घ्या, मग ऑडिओलॉजिस्टकडे (ऐकणं तपासून यंत्र जुळवून देणाऱ्या तज्ज्ञाकडे) यंत्र घेऊन जा आणि त्यांना सांगा, "भांड्यांचा आवाज टोचतो." तो कमी करता येतो, त्यासाठीच पुन्हा जायचं असतं. बरीच माणसं यंत्र विकत घेतात आणि परत जात नाहीत. कितीतरी वर्षं जे आवाज मेंदूपर्यंत गेलेच नव्हते ते एकदम आले की नकोसे होतात. सवय व्हायला काही आठवडे जातात. सुरुवातीला शांत खोलीत, एकाच माणसाशी बोलताना थोडा वेळ लावा, मग वेळ वाढवा. लग्नाच्या हॉलमध्ये पहिल्यांदा लावून जाऊ नका. बॅटरीचा कागद काढल्यावर मिनिटभर तशीच ठेवून मग आत बसवा, तिला हवा लागते. एकदा काढलेला कागद परत चिकटवून उपयोग नाही. रात्री बॅटरीचं दार उघडं ठेवा.

दवाखान्याचं मला फार लागलं. पुढच्या खेपेला डॉक्टरांसमोरच्या खुर्चीत तुम्ही बसा, मुलाला बाजूला बसवा. घरून तीन प्रश्न मोठ्या अक्षरांत लिहून न्या आणि कागद आधी पुढे करा. मग म्हणा, "डॉक्टर, मला कमी ऐकू येतं, माझ्याकडे बघून सावकाश सांगा. पेशंट मी आहे." मुलाला घरून निघतानाच सांगून ठेवा की आधी मी बोलणार. बहुतेक मुलांना यात गैर वाटत नाही. वडिलांना त्रास नको म्हणून ती पुढे होतात, आणि वडील मागे राहिले हे त्यांच्या ध्यानातच येत नाही.

प्रश्न : इचलकरंजी, वय 69. घर माझ्या नावावर आहे. मुलगा म्हणतो, "पुढं कटकट नको, आत्ताच बक्षीसपत्र करून टाक." मुलगा वाईट नाही, सून बोलायला थोडी कडक आहे. मुलगी सासरी असते. नाही म्हणावं तर मुलावर विश्वास नाही असं होतं. काय करू?

उत्तर : बाई, घाई करू नका. महाराष्ट्रात मुलाला राहतं घर बक्षीस द्यायला मुद्रांक शुल्क फक्त 200 रुपये आहे, त्यामुळे "स्वस्तात होतंय तर उरकून टाकू" असं सगळ्यांना वाटतं. पण बक्षीसपत्र नोंदलं की घर त्याच दिवशी तुमचं राहत नाही. मृत्युपत्राचं तसं नाही. ते तुमच्या पश्चात लागू होतं, हयातीत हवं तेव्हा बदलता येतं. दोन साक्षीदार लागतात. नोंदणी सक्तीची नाही, पण करून ठेवलेली बरी. मुलाची "पुढची कटकट" त्यानंही बरीचशी वाचते, आणि मुलीचा विचारही तुम्हाला निवांत करता येतो. मी तुमच्या जागी असते तर मृत्युपत्रच केलं असतं.

बक्षीसपत्रच करायचं ठरलं, तर एक वाक्य त्यात असल्याशिवाय सही करू नका : मुलानं तुमचा हयातभर सांभाळ करायचा आणि तुम्हाला या घरात राहू द्यायचं, या अटीवर घर दिलं आहे. ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या 2007 च्या कायद्याचं कलम 23 याच अटीवर उभं आहे. अट मोडली तर प्रांताधिकाऱ्यांसमोरच्या न्यायाधिकरणात जाऊन बक्षीसपत्र रद्द करून मागता येतं. "तोंडी ठरलं होतं" यावर पुढे भांडत बसावं लागतं. सर्वोच्च न्यायालयानंही 2022 च्या निकालात सांगितलं आहे की कलम 23 चा आधार हवा असेल तर घर अशा अटीवर दिलेलं असलं पाहिजे. कुणी म्हणेल, आपल्याच पोराला अटी कसल्या घालायच्या? ज्याला सांभाळायचंच आहे त्याला या वाक्याची अडचण होत नाही.

मुलाशी बोलताना सुनेलाही समोर बसवा. मुलीला फोन करून तिच्या कानावर घाला. कागद तयार झाला की घरी मागून घ्या, सवडीनं वाचा आणि मुलानं गाठून न दिलेल्या वकिलाला दाखवा. दुय्यम निबंधकांच्या ऑफिसात तुम्हाला हे मान्य आहे का असं विचारतात, तिथंही नाही म्हणता येतं. घरात दबाव येऊ लागला तर 14567 या ज्येष्ठांच्या हेल्पलाइनवर बोला. फोन फुकट आहे, सकाळी आठ ते रात्री आठपर्यंत लागतो आणि मराठीत बोलता येतं.