भारताने कोरोनाचं पहिलं वर्ष कसं हाताळलं?

तुम्ही विचारलंय, देशाने ते वर्ष नीट हाताळलं की नाही, आणि स्वतः पाहिलेलं सांगा म्हणताय. मी बेळगाव तालुक्याच्या पश्चिमेला, बाचीच्या बाजूच्या एका गावात राहतो. पुढे शिनोळी लागली की महाराष्ट्र.

एरवी ही हद्द आम्हाला सुप्रीम कोर्टातल्या खटल्यात नाहीतर निवडणुकीत दिसायची. आमच्या पोरी चंदगड तालुक्यात दिलेल्या, तिकडचे पेशंट बेळगावच्या दवाखान्यात, इकडची पोरं शिनोळीच्या कारखान्यांत. 24 मार्च 2020 ला रात्री आठला पंतप्रधान बोलले आणि बारापासून देश बंद. चार तासांची सवड! थोड्याच दिवसांत आमच्या आडवाटेवर जेसीबीने मातीचा ढीग ओतला.

ताई पलीकडच्या गावात. तिच्या सासऱ्यांच्या बीपीच्या गोळ्या बेळगावातूनच जायच्या. मग बाबा ढिगाच्या अलीकडे, ताई पलीकडे. इकडून गोळ्यांची पिशवी भिरकवायची, तिकडून ओल्या काजूगरांची यायची. आमच्या भावकीतल्या एकाचा कोबी आधी गाडीअभावी शेतातच फुटला, त्यात मेंढरं सोडली. नंतर पास मिळाला आणि उरलेला माल टेम्पोने चोर्ला घाटातून गोव्याला गेला. कोबीला पास होता, ताईला नव्हता.

माझ्या मते चूक बंद करण्यात नव्हती. जानेवारी 2020 मध्ये तपासणी फक्त पुण्याच्या एनआयव्हीत, म्हणजे राष्ट्रीय विषाणू संस्थेत व्हायची. वर्षभरात देशात दोन हजारांवर लॅब झाल्या, बेळगावातही आयसीएमआरच्या संस्थेत नमुने तपासायला लागले. पीपीई किट देशात जवळपास बनतच नव्हते, मेपर्यंत दिवसाला लाखांनी बनू लागले. माणशी पाच किलो धान्य नोव्हेंबरपर्यंत फुकट मिळालं, ते आमच्या गल्लीत खरोखर पोचलं. पण हुकूम दिल्लीचा आणि दार लावायचं राज्याने, हे जमलं नाही. 18 मेला कर्नाटकाने महाराष्ट्रातून येणाऱ्यांना महिनाअखेरपर्यंत बंदीच केली. म्हणजे पुण्यात काम गेलेला आमचाच पोरगा आमच्याच राज्यात परका.

तो पोरगा म्हणजे माझा धाकटा भाऊ. जूनमध्ये सेवासिंधू या कर्नाटक सरकारच्या पोर्टलवर नाव नोंदवून आला. सात दिवस एका हॉस्टेलात ठेवला, मग सात दिवस घरात. घरातच आहे हे पटवायला सरकारी ॲपवर सेल्फी पाठवायचे. आमच्या घरात रेंज नाही. त्यामुळे घरात असल्याचा पुरावा द्यायला तो सारखा बाहेर पडून गोठ्याच्या पत्र्यावर चढायचा. आई खालून ओरडायची, "काय करायलास रे वर?" दारावर कागद चिकटवला तोही नुसता कन्नडमध्ये. शेजारचं चौथीतलं पोरगं वाचून सांगायचं, तेव्हा आम्हाला कळायचं की आमच्याकडे यायचं नाही.

ताप मोजायला, यादी करायला दारोदार आली ती आशाताई. जुलैमध्ये राज्यभरच्या आशा बारा हजार मानधनासाठी संपावर गेल्या, तेव्हा "आत्ताच कशाला" म्हणणारे आमच्याच गावात भेटले. ऊन्हापावसात फिरायला मात्र त्यातला एकही तयार नव्हता.

सप्टेंबरात देशात रोज नव्वद हजारांवर रुग्ण सापडायला लागले. आमचे खासदार आणि रेल्वे राज्यमंत्री सुरेश अंगडी 23 सप्टेंबरला दिल्लीत कोरोनानेच गेले. मंत्र्यालाही हा आजार सोडत नाही म्हटल्यावर गावातले मास्क नाकावर चढले, महिनाभर. फेब्रुवारी 2021 मध्ये आकडा दहा-बारा हजारांवर आला, 16 जानेवारीपासून लस सुरू झालेली, सगळ्यांनी सुटलो म्हणून श्वास सोडला. सरकारनेही. मला विचाराल तर खरी हलगर्जी ती, मार्च 2020 ची नव्हे. मिळालेल्या उसंतीत ऑक्सिजन आणि खाटांची तजवीज करायला हवी होती, आणि एप्रिल-मेमध्ये त्याचीच किंमत मोजली.

आम्हाला तर इशारा डोळ्यांसमोर होता. फेब्रुवारीतच हायवेवरच्या कोगनोळी या हद्दीवरच्या नाक्यावर महाराष्ट्राकडून येणाऱ्यांना परत आरटीपीसीआर मागायला लागले होते. आणि अंगडींच्या रिकाम्या जागेसाठी 17 एप्रिल 2021 ला पोटनिवडणूक. नाक्यावर एकेकाला अडवायचं आणि सभेला हजारो गोळा करायचे, दोन्ही एकाच महिन्यात. प्रचाराची पोरं आमच्याकडेही आली, मास्क हनुवटीवर. स्टिकर लावायला जागा शोधली तर क्वारंटाइनच्या कागदाचा कोपरा अजून दाराला चिकटलेला होता. त्यावरच लावलं.