कूलरचं पाणी किचनच्या नळात कसं येतं? घरातल्या नळजोडणीबद्दल वाचकांचे प्रश्न

ऊन चढलं की नागपुरात पाण्याच्या तक्रारी वाढतात. या वेळच्या प्रश्नांत वास, गढूळपणा आणि काविळीची भीती जास्त होती. बहुतेक प्रश्नांचं मूळ एकच आहे. नळातून पाणी बाहेर येतं एवढंच आपण धरून चालतो. पण लाईनमधला दाब गेला की तोच नळ पाणी आत ओढू शकतो, आणि त्याचं तोंड ज्यात बुडालेलं असेल ते पाणी पिण्याच्या लाईनीत शिरतं.

खामल्यात आमचं दोन मजली घर आहे. वरच्या गॅलरीतल्या कूलरमध्ये नळाला जोडलेली पाईप कायम सोडलेली असते. एप्रिलपासून खालच्या स्वयंपाकघरातल्या नळाला सकाळी सडक्या गवतासारखा वास येतो आणि दोन मिनिटांनी जातो. टाकी दोनदा धुतली, तरी तेच.

ताई, टाकी कितीही वेळा धुतलीत तरी हा वास जाईल असं मला वाटत नाही, कारण तो बहुतेक कूलरच्या ताट्यांचा, म्हणजे बाजूच्या गवती पॅडचा, आहे. पाईपचं तोंड कूलरच्या पाण्यात बुडालेलं असतं. रात्री टाकी रिकामी होते किंवा कुणी व्हॉल्व्ह बंद करतं आणि खाली कुणी नळ सोडतं. पाईपमधलं पाणी खाली उतरतं आणि त्याच्यामागून कूलरचं पाणी ओढलं जातं. पूर्वी पिपातलं रॉकेल नळी टाकून काढायचे, तसाच हा प्रकार. तुमचा कूलर किचनच्या नळापेक्षा एक मजला उंच आहे, त्यामुळे ओढ चांगलीच बसते.

कूलरमध्ये पंप तेच पाणी दिवसभर ताट्यांवरून फिरवतो. पाणी उडून जातं. धूळ, क्षार आणि ताट्यांचा चोथा मागे राहतो. त्यात डासांच्या अळ्या होतात, आणि डेंग्यूच्या मोहिमेत आरोग्य कर्मचारी अळीनाशक टाकून जातात ते याच टबात. ते पाणी चहाच्या भांड्यात यावं, हे कुणाच्याही घरी व्हायला नको.

खात्री अशी करा. टाकीच्या आऊटलेटचा व्हॉल्व्ह बंद करा. कूलरमधली पाईप बाहेर काढून स्वच्छ धुवा आणि तिचं तोंड काठोकाठ भरलेल्या मोठ्या पेल्यात बुडवा. वरचा नळ उघडाच ठेवा. आता कुणाला तरी खाली किचनचा नळ सोडायला सांगा आणि तुम्ही पेल्याकडे बघा. पेल्यातलं पाणी खाली जाऊ लागलं, तर रोज सकाळी काय होतं ते डोळ्यांनी दिसेल. टाकीच्या आऊटलेटनंतर हवेची उभी पाईप बसवलेली असेल तर ही ओढ कमी होते. ती नसेल तर प्लंबरकडून बसवून घ्या, पण तेवढ्यावर विसंबू नका.

खरा उपाय फुकटचा आहे. पाईपचं तोंड कूलरच्या टबाच्या काठाच्या वर बांधा. पाईपच्या व्यासाच्या दुप्पट, आणि कमीत कमी एक इंच मोकळी जागा हवी. अर्ध्या इंची पाईपला एक इंच पुरतं. मोजायचं ते काठापासून, पाण्याच्या पातळीपासून नाही, कारण टब कधीतरी ओसंडणारच. कूलरमध्ये फ्लोट (तरंगत्या गोळ्यानं आपोआप बंद होणारा नळ) आतच बसवला असेल तर तो पिण्याच्या लाईनीवरून काढा. मग कूलर भरताना पाईप हातात धरा आणि भरला की गुंडाळून ठेवा.

हा धोका किती खरा आहे, याचं उदाहरण अमेरिकेतलं आहे. १९६९ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या होली क्रॉस कॉलेजच्या फुटबॉल संघात कावीळ पसरली आणि सुमारे ९० जणांना लागण झाली. मैदानाला पाणी देण्याच्या जोडण्या जमिनीतल्या खड्ड्यांत होत्या आणि त्यांत घाण पाणी साचलेलं होतं. शहरात आग लागली, बंबांनी पाणी ओढलं, लाईनचा दाब पडला आणि खड्ड्यांतलं पाणी खेळाडूंच्या पिण्याच्या नळात आलं. संघाला तो हंगाम सोडून द्यावा लागला.

मानेवाड्याला राहतो. नळाला पाणी कमी येऊन राहिलं म्हणून प्लंबरनं बोअरची लाईन टी (तीन तोंडांचा जोड) मारून नळाच्या लाईनीला जोडून दिली. मधात दोन व्हॉल्व्ह आहेत. नळ आला की बोअरचा बंद करतो. चालते का?

नाही भाऊ, चालत नाही. माझ्या मते घरातल्या सगळ्या जोडण्यांत ही सर्वांत वाईट, कारण तिचा त्रास शेजाऱ्यांनाही होतो. कूलरच्या बाबतीत पाणी ओढलं जातं, इथे ते ढकललं जातं. सबमर्सिबल मोटर खोल बोअरमधून गच्चीवरच्या टाकीपर्यंत पाणी चढवते. नळाच्या लाईनीत मात्र वस्तीच्या टोकाला जेमतेम काही मीटरचा दाब असतो. एक दिवस व्हॉल्व्ह उलटा फिरला, घरातलं कुणी विसरलं, किंवा व्हॉल्व्हच्या बैठकीत रेतीचा कण अडकून तो पूर्ण बसला नाही, की तुमच्या बोअरचं पाणी मीटरमधून मागे जाऊन गल्लीच्या लाईनीत शिरतं. ज्या घरात लहान मूल आहे, त्या घराला हे कळणारही नाही.

बोअरच्या पाण्यात क्लोरीन नसतं. ते लाईनीत मिसळलं की पेंच किंवा कन्हानहून शुद्ध करून आलेल्या पाण्यातलं क्लोरीनही पातळ होतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाप्रमाणे ते नळाशी लिटरमागे कमीत कमी ०.२ मिलीग्रॅम असायला हवं. जवळ सेप्टिक टँक असेल तर बोअरबद्दल जास्तच काळजी घ्यायची.

तपासणी सोपी आहे. मीटरजवळचा व्हॉल्व्ह बंद करा आणि फक्त नळाच्या लाईनीवर असलेली एखादी तोटी उघडून पाईप रिकामी होऊ द्या. मग बोअरचा व्हॉल्व्ह बंदच ठेवून बोअर सुरू करा. तोटीतून पाणी आलं, तर दोन्ही लाईनी एकमेकींत उघडतात आणि तुमचे व्हॉल्व्ह पाणी अडवत नाहीत. टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं) असेल तर दोन्ही पाणी वेगवेगळं मोजून ठेवा. बोअरचा आकडा सहसा बराच जास्त असतो, त्यामुळे नळाचा आकडा अचानक चढला तर भेसळ लगेच कळते.

उपाय एकच: टी कापा आणि दोन्ही टोकांना कॅप लावा. बोअर आणि नळ या दोन वेगळ्या पाईपांनी टाकीपर्यंत न्या. दोन्हींची तोंडं टाकीच्या ओव्हरफ्लोच्या वर ठेवा. जमलं तर बोअरला वेगळी टाकी द्या आणि ते पाणी संडास, बाग, धुणीभांड्यापुरतंच वापरा. व्हॉल्व्ह तसाच ठेवून ‘हात लावू नये’ अशी चिठ्ठी चिकटवणं हा उपाय नव्हे. घर भाड्यानं गेलं की ती चिठ्ठी पहिल्यांदा गळून पडते.

संडासातल्या जेटमुळे पाणी खराब होतं असं ऐकलं. खरं का?

होऊ शकतं. जेटचा खटका सोडलेला असेल तर पाणी सहसा मागे जात नाही. पण बादली भरायला खटका दाबून जेट आत सोडून दिला, किंवा खटका गळका असून जेट कमोडमध्ये लोंबत राहिला, तर ओढ बसू शकते. हूक कमोडच्या काठाच्या बराच वर लावा, जेट बादलीत बुडवू नका आणि वापर झाला की अँगल कॉक बंद करा.

महाल भागातलं जुनं घर आहे. नळ आला की पहिली पाच मिनिटं काळपट, वासाचं पाणी येतं. शेजारी टुल्लू पंप लावतात. आमची लाईन नालीतून गेली आहे. सुनेला सातवा महिना आहे, म्हणून जास्त काळजी वाटते.

काकू, काळजी रास्त आहे, आणि आज संध्याकाळपासूनच पाणी उकळून द्या. खळखळून उकळी आली की निदान एक मिनिट तसंच राहू द्यायचं, मग झाकून गार करायचं. दूषित पाण्यातून येणारी हेपॅटायटिस ईची कावीळ गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत जिवावर बेतू शकते. सुनेला ताप, उलट्या किंवा पिवळी लघवी दिसली तर घरगुती औषधात वेळ घालवू नका, लगेच डॉक्टरांकडे न्या.

आता कारण. जुनी लोखंडी पाईप नालीत बाहेरून गंजते आणि तिला बारीक भोकं पडतात. लाईनीत दाब असेल तोवर त्या भोकांतून पाणी बाहेर गळतं. पाणी बंद झालं की पाईप रिकामी होते आणि नालीतलं पाणी आत झिरपतं. त्यावर कुणी टुल्लू लावला की तो पाईपमधलं पाणी खेचून दाब शून्याखाली नेतो आणि नाली अक्षरशः आत ओढली जाते. पहिलं काळपट पाणी ते हेच. लाईनीत सतत दाब ठेवणं म्हणूनच इतकं महत्त्वाचं आहे. धरमपेठ झोनमध्ये चोवीस तास पाण्याचा प्रयोग आधी झाला तेव्हा लोकांना त्यात सोय दिसली, मला मात्र त्यात आरोग्य जास्त दिसतं.

नालीतल्या पाईपवर हात फिरवून बघा. पापुद्रे सुटत असतील, सांध्याला सुतळी किंवा रबर गुंडाळलेलं असेल, तर डागडुजीवर पैसे घालवू नका. मीटरपर्यंतची जोडणी एमडीपीई (न गंजणाऱ्या प्लॅस्टिकच्या) पाईपनं बदलून घ्या आणि ती नालीच्या वरून न्या. नाली ओलांडावीच लागली तर त्या टप्प्यात एकही सांधा नको आणि पाईपवर दुसरी मोठी पाईप घाला. झोन कार्यालयात गढूळ पाण्याची लेखी तक्रार द्या, कारण गळती मुख्य लाईनीवरही असू शकते. नळाला थेट पंप लावणं नियमात बसत नाही. शेजाऱ्यांशी आधी बसून बोला. आपल्या पंपामुळे आपल्याच घागरीत नाली येते, हे बहुतेकांना माहीत नसतं.

आमच्याकडे आरओ आहे. मग एवढं बघायची गरज आहे का?

आहे. दात घासणं, भाज्या धुणं, बाळाची अंघोळ हे सगळं साध्या नळावर होतं. आणि एक बघा: आरओच्या वाया जाणाऱ्या पाण्याची बारीक नळी मोरीच्या जाळीत खोचलेली असते. ती बाहेर काढून जाळीच्या दोन बोटं वर ठेवा.

प्लंबर म्हणतो एनआरव्ही (पाणी मागे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह) बसवला, आता निश्चिंत राहा.

एनआरव्ही बसवा, पण निश्चिंत राहू नका. आतली झडप क्षारानं अडकते, केसभर कचऱ्यानंही उघडी राहते आणि ते बाहेरून दिसत नाही. अंगावरचा बाण पाण्याच्या दिशेनं आहे ना, हे स्वतः बघा. पुढेमागे उघडून साफ करता येईल अशा जागी तो बसवून घ्या. मोकळ्या हवेची फट कधी अडकत नाही, म्हणून जिथे फट ठेवता येते तिथे माझी पहिली पसंती तिलाच.

बेसा भागात नवीन घर घेतलं. संप (जमिनीखालची पाण्याची टाकी) गेटजवळ आहे आणि गटार त्याच्यापासून हाताच्या अंतरावर. पावसाळ्याआधी काय तपासू?

आधी झाकण. त्याची कड अंगणापेक्षा वीतभर उंच हवी, नाहीतर अंगण धुतलेलं पाणी थेट संपात जातं. मग ओव्हरफ्लोची पाईप: ती गटारात घुसवलेली असेल तर पहिल्याच मोठ्या पावसात गटार उलटं चढेल. तिचं तोंड उघड्यावर आणून जाळी लावा. आत येणाऱ्या नळाचा फ्लोटही ओव्हरफ्लोच्या वर हवा.

भिंतीची परीक्षा रात्री करा. संप भरा, सगळे व्हॉल्व्ह बंद करा, पातळीवर खडूनं रेघ ओढा आणि सकाळी बघा. पातळी उतरली तर कुठेतरी चीर आहे. संप कमी भरलेला असताना त्याच चिरेतून गटाराचं पाणी आत येणार. चीर बुजवून वॉटरप्रूफिंग झालं की संप घासून धुवा, भरा आणि दर हजार लिटरला ताजी, कोरडी ब्लीचिंग पावडर दीडशे ग्रॅम बादलीत कालवून वरचं निवळलेलं पाणी ओता. रात्रभर ठेवा आणि सकाळी सगळं काढून टाका. हे पाणी प्यायचं नाही आणि झाडांनाही घालायचं नाही.

ताजं पाणी भरल्यावर दोन दिवसांनी किचनच्या नळाचं पाणी एचटूएस बाटलीत (पाण्यातले जंतू तपासायची बाटली) भरून सावलीत ठेवा. एक-दोन दिवसांत बाटली काळी पडली, तर संप पुन्हा रिकामा करा आणि गटाराच्या बाजूची भिंत उघडून बघा.